मागच्या बाजूची खोली

लेक झाल्यापासून पहिल्यांदाच दोघं शनिवार-रविवार घराबाहेर राहणार होती. हट्ट सासूबाईंचाच. "पोरीला मी सांभाळते. तुम्ही जा कुठेतरी, नाहीतर एकमेकांची तोंडं विसराल," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला होता.

हॉटेल शोधायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं. तळ्याकाठचं फार लांब निघालं, नाट्यगृहाजवळचं गोंगाटाचं. आठवडाभर घोळ घालून अखेर मन बसलं ते घरामागच्याच गल्लीतल्या हॉटेलवर. त्यातही सातवा मजला, मागच्या बाजूची खोली.

"अगं, एवढं मोठं शहर पडलंय आणि तुला आपल्याच बिल्डिंगची पाठ बघायचीय?" नवरा म्हणाला.

"मागे शांत असतं," ती म्हणाली, आणि त्याने काही विचारायच्या आत बॅग भरायला पळाली.

शनिवारी खोलीत पाऊल टाकताच तिने खिडकी गाठली. समोर, थोडी खाली, घरची गॅलरी. गॅलरीत सासूबाई आणि त्यांच्या कडेवर लेक, मजेत पाय हलवत. तिचा जीव भांड्यात पडला. चपलाही न काढता ती दोन्ही हात हलवत सुटली.

सासूबाईंनी वर पाहिलं. नातीला आत ठेवून आल्या आणि घरातल्या कोरड्याठाक चादरी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरीवर टाकून, चिमटे लावून, अख्खी गॅलरी झाकून टाकली. मग तिचा फोन वाजला.

 

"झालं बघून? आता जरा नवऱ्याकडे बघ."