आदल्या दिवशीचे आयते

मिरची तोडायला आंध्रात निघायच्या आदल्या दिवशी मी दरवर्षी आयते करायची. तांदळाच्या पिठाचे, घावनासारखे मऊ जाळीदार आयते, सोबत गुळाचं पाणी. मिरचीचा हंगाम संपेपर्यंत माझी लेक चंचल तिच्या काकीच्या घरी राहायची. त्याआधी माझ्या हातचं गोड तिच्या पोटात जावं, एवढंच. यंदा मला गावच्याच शाळेत खिचडी शिजवायचं काम लागलं. त्या खुशीत साध्या बुधवारी आयत्यांसाठी तवा चढवला. चंचल शाळेतून आली आणि आयते पाहून दारातच थांबली. मग तिनं फळीवरची प्रवासाची पिशवी काढली, माझी लुगडी घडी करून तिच्यात भरू लागली. “काऊन भरून राहिली वं?” “उद्या जाऊन राहिली ना तू?” “नाई जात बाई यंदा. असेच केले, तुयासाठी.” तिनं मान डोलावली. एक आयता खाल्ला. बाकीचे डब्यात भरले आणि काकीकडे ठेवायला निघाली. म्हणाली, “तू गेल्यावर खाईन.”