डाव्या हाताचं वय

"बांगड्या काढाव्या लागतील," धनश्री म्हणाली.

एक्स-रेच्या खोलीत सगळं वऱ्हाड घुसलं होतं. काष्टी गावच्या सेंटरात धनश्री रोज वीस-पंचवीस हाडं बघायची, पण हळद लागलेली नवरी आज पहिल्यांदाच आली होती. शालू, मुंडावळ्या, दोन्ही मनगटं भरून हिरवा चुडा. लग्न बारा पस्तीसचं. साडेदहा वाजून गेलेले.

पोरगी अठराची नाही, असा सकाळी ग्रामसेवकाला कुणाचा तरी फोन गेला होता. जन्माची नोंद नव्हती. घरचे सगळे सहा महिने ऊसतोडीला, त्यामुळे शाळेचा दाखलाही नव्हता. राहिली हाडं. सेंटरात नवं मशीन आलं होतं; डाव्या मनगटाचा फोटो काढला की कॉम्प्युटरच वय सांगायचा. अठरा भरली तर लग्न, नाही तर मांडव सोडायचा.

"लग्नाआधी चुडा उतरवत न्हाईत," नवरीची आत्या चांगुणा म्हणाली. "अपशकुन हुतो. आन् काचच हाय की ती! आमाला आरपार दिसतंय, तुमच्या मशीनला दिसंना व्हय?"

"घ्या हो तसंच," ग्रामसेवक म्हणाले. त्यांनाही जेवायचं आमंत्रण होतं.

धनश्रीनं सगळ्यांना बाहेर काढून फोटो घेतला. कॉम्प्युटरनं जरा दम खाल्ला आणि वय दिलं. एकोणीस वर्षं, दोन महिने.

"झालं!" नवरीचा बाप गहिनीनाथ ओरडला. "चला, अक्षदा पडायच्यात."

"थांबा काका. लहान पोरांच्या हाडाच्या टोकाशी फट असते. मोठं झालं की ती बुजते. हिच्या बांगड्या नेमक्या फटीवर आल्यात. मशीनला वाटलं, बुजली."

"म्हंजी पोरगी न्हाई, बांगड्या एकोणिसाच्या?" चांगुणा म्हणाली.

बांगड्या फोडायचं नाव कुणी काढेना. साबण झाला, तेल झालं. शेवटी ज्यानं भरल्या त्यालाच आणायचं ठरलं. बाजाराचा दिवस होता. मच्छिंद्र कासार समोरच दुकान मांडून बसला होता. तो आला, नवरीचा, म्हणजे पूजाचा, हात हातात घेतला, अंगठ्याखाली दाबला आणि एकेक बांगडी अलगद उतरवून ठेवली. एकही फुटली नाही.

"कमाल हाय राव तुमची," ग्रामसेवक म्हणाले.

"कमाल कशाची? कवळा हात हाय. चौदा-पंधराचं हाड दाबलं की दबतंय. फुडं न्हाई दबत."

"मग परवा भरताना कळलं न्हाई?"

"कळलं की."

"मग बोलला का न्हाई?"

कासारानं तेलकट हात पायजम्याला पुसले. "मला बांगड्या भरायला बोलावलं हुतं, भाऊसाहेब."

धनश्रीनं पूजाचा मोकळा हात प्लेटवर नीट ठेवला. "अजिबात हलायचं नाही हं." पूजानं पाचही बोटं पसरली.

चौदा वर्षं, आठ महिने.

धनश्रीनं निकाल बाहेर नेऊन दिला आणि कालवा उठला. "आधीचं पन ह्याच मशीनचं हाय, तेच धरा," असं गहिनीनाथ पुनःपुन्हा सांगत राहिला. ग्रामसेवकांनी बाकड्यावर बसून पंचनामा सुरू केला आणि कासाराला साक्षीदार व्हा म्हणाले. त्यानं दुकानावर गिऱ्हाईक खोळंबल्याचं सांगितलं. नवरदेवाकडचे फोन उचलेनात. आचाऱ्यानं भात टाकू नये म्हणून कुणीतरी मोटरसायकलवरून पळालं.

दहा मिनिटांनी धनश्री पुढच्या पेशंटला घेऊन आत आली. पूजा तिथंच बसलेली. डावा हात प्लेटवर, पाचही बोटं पसरलेली.

"मॅडम," ती म्हणाली, "हात उचलू का आता?"