आई, हात लावू नको

“आई, हात लावू नको,” धर्मेश म्हणाला.

राहीबाईचा हात सवयीने माउसकडे गेलाच होता. तो तिने मागे घेतला आणि पदरात गुंडाळून ठेवला.

माकुणसारच्या वाचनालयातला हा संगणक. धर्मेश रोज त्याच्यावर काम करायचा, पण त्याला दिसत नव्हतं. तो ब्रेलच्या पट्टीवर वाचायचा. पट्टी संगणकाला जोडली की पडद्यावरची अक्षरं तिच्यावर टिपक्यांनी उठायची. पण त्याआधी संगणक एक चौकट उघडून विचारायचा, जोडलेल्यांपैकी पट्टी कुठली? घरच्या लॅपटॉपसारखा हा संगणक पडद्यावरचं बोलून दाखवत नव्हता; मग पट्टी सुरू झाल्याशिवाय धर्मेश ती चौकट वाचणार कसा? म्हणून राहीबाई रोज दातिवऱ्याहून त्याच्याबरोबर एसटीने यायची आणि तिसऱ्या नावावर टिचकी मारायची. प्रिंटर आधीच लावलेला असला तर चौथ्या. मग दिवसभर बाकावर बसून राहायची.

संगणकाचा नवा वर्ग सुरू व्हायचा होता. वाचनालय चालवणाऱ्या वर्षाराणी मॅडम आधीच बोलल्या होत्या, “शिकवायला धर्मेशसारखा कुणी नाही. पण यंत्र सुरू करायला दरवेळी आई लागणार असेल, तर वर्ग त्याच्यावर सोडू कसा?”

तेव्हा तो चिडला नव्हता. घरच्या जुन्या लॅपटॉपला इअरफोन लावून महिनाभर काहीतरी लिहीत बसला. काय करतोस, असं राहीबाईने विचारलं, तर म्हणाला, “वाचनालयातला संगनक लिनक्सवर चालतो आई, त्या परनालीला आपला नियम शिकवता येतो. पट्टीला तिचा सोताचा नंबर असतो. ती कुटं लावली, आदी कोन आला, ते इचारायचं नाय. नंबर बगायचा, वळखायची आनि कामाला लागायचं.”

आज तो नियम वाचनालयाच्या संगणकावर बसवला होता. धर्मेशने वायर हातात घेतली.

“थांब,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी प्रिंटर चालू केला. पर्समधून पेनड्राइव्ह काढला आणि पट्टी नेहमी लागायची त्याच जागी खोचला.

राहीबाई मनात नावं मोजू लागली. आता कितवं नाव, तिलाही सांगता आलं नसतं.

धर्मेशने संगणकाच्या पाठीवरून हात फिरवला, मागची एक मोकळी जागा शोधली आणि वायर लावली. क्षणभर काहीच झालं नाही.

मग पट्टीवर बारीक तडतड झाली. टिपके वर आले. धर्मेशने नियमात घालून ठेवलेलं वाक्य स्पीकर सपाट आवाजात बोलला, “ब्रेल पट्टी तयार आहे.”

चौकट आलीच नाही.

धर्मेशची बोटं पट्टीवरून भरभर गेली. “प्रिंटर लागलाय. पेनड्राइव्हही. मॅडम, त्याच्यात ‘हळद आणि लग्न’ नावाचं फोल्डर आहे. उघडू?”

“नको, नको!” मॅडम लाजून हसल्या. त्यांनी स्वतःच पट्टीची वायर काढून दुसरीकडे लावून पाहिली. पुन्हा तडतड, पुन्हा तोच आवाज. त्यांनी पेनड्राइव्ह काढून पर्समध्ये टाकला. मग म्हणाल्या, “सोमवारपासून वर्ग तुझा.”

धर्मेश ताठ बसला होता. कान लाल झाले होते. राहीबाईला वाटलं, उठून त्याच्या तोंडावरून हात फिरवावा. पण मॅडमसमोर ती जागची हलली नाही.

“मावशी, सुटलात तुम्ही,” मॅडम तिला म्हणाल्या. “आता रोज एवढ्या लांबून यायला नको.”

“येनार की.” राहीबाई उठली, पदर सारखा केला आणि बाक सोडून शिकणाऱ्यांच्या पहिल्या खुर्चीवर जाऊन बसली. “माजं नाव लिवून घ्या.”

मग लेकाकडे वळून तिने विचारलं, “सर, पयल्या दिवशी काय शिकवनार?”