रक्त नको

"रक्त कशाला? दुखतोय डोळा, तर डोळा तपासा," नवरा म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी यंत्राचा दिवा बंद केला. समोर बसलेल्या त्याच्या बायकोचे दोन्ही डोळे लालबुंद होते. थेंब घातले की लाली उतरे, थांबवले की पुन्हा भडके.

"सूज डोळ्याच्या आत आहे. तिचं मूळ कधी क्षयात असतं, कधी संधिवातात, कधी भलत्याच कशात. ते रक्तातून शोधावं लागतं. नाहीतर नजर जाईल."

"थेंब वाढवा. रक्त नको."

"नजर गेली तरी चालेल याला," बायकोचा थोरला भाऊ दारातून म्हणाला. मेहुण्याशी त्याचं कधीच पटलं नव्हतं. "वर्ष झालं, वेगळ्या खोलीत झोपतो. बहीण माझी रडून रडून अर्धी झाली. कसली भीती वाटते रे तुला?"

बायको रुमालाने डोळे टिपत राहिली. शेवटी भावानेच तिला हाताला धरून रक्त द्यायला नेलं.

निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाई बायकोकडे बोट करून म्हणाल्या, "मला फक्त यांच्याशी बोलायचंय."

"मी सख्खा भाऊ आहे. माझ्यासमोर सांगा."

बहिणीने होकारार्थी मान हलवली.

"सिफिलिस आहे. शरीरसंबंधांतून होतो. इंजेक्शनांनी बरा होईल, डोळेही वाचतील. पण नवऱ्याचंही रक्त तपासायला हवं."

भावाने मेहुण्याची कॉलर धरली. "तरीच रक्त नको होतं. शेण खाल्लंस तू, आणि भोगतेय ही."

मेहुण्याने हात झटकला नाही. मुकाट्याने बाही वर केली.

प्रयोगशाळेच्या बाकावर भाऊ त्याला खेटून बसला, पळून जाईल म्हणून. "सोडचिठ्ठी तर घेणारच. पण गल्लीत तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही तुला."

"दादा, पुरे," बहीण म्हणाली.

"तू गप्प बस. तुझ्या गरीब स्वभावानेच ही वेळ आली."

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी तिघांना आत बोलावलं. "यांच्या रक्तात काही नाही. पूर्वी होऊन गेल्याचीही खूण नाही."

भाऊ सावकाश बहिणीकडे वळला. तिने मान खाली घातली.

नवरा दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला. "तिला काही विचारायचं नाही," तो म्हणाला. "मला वर्षापूर्वीच कळलंय. तुम्हाला कळू नये, म्हणून रक्त नको म्हणत होतो."