आभाळाकडे बघणारा दिवा

धुळ्याच्या नेमीचंद शेठच्या विलायती मोटारीचा उजवा दिवा रस्ता सोडून आभाळाकडे बघायचा. झुलाल मिस्तरीने चार वेळा मोटार भिंतीसमोर उभी करून दिवा सरळ केला, नट आवळला. तरी आठ दिवसांत त्याची मान पुन्हा वर! शेवटी शेठ ड्रायव्हरवर कडाडले, "पुना, आता दिवा हलला तर तुझी नोकरी गेली म्हणून समज."

पुना रडकुंडीला आला. झुलालने पाचव्यांदा नट आवळला आणि भर दुपारी शेठच्या अंगणात सरकीच्या पोत्यांआड दबा धरून बसला. थोड्या वेळाने शेठची सत्तरीची आई, प्रेमकुंवर, पावलं न वाजवता आली. तिने ओढणीआडून पाना काढला, दिवा वर केला आणि नट असा आवळला की मिस्तरीनेही मान डोलवावी.

"माँजी, तुम्ही?"

"हळू बोल, झुलालभाऊ! नेमीला घरात पत्ते खपत नाहीत. रात्री मोटार नाक्यावर वळली की ह्या दिव्याचा उजेड आपल्या कडुनिंबाच्या शेंड्यावर पडतो. तेवढ्यात आम्ही सासू-सुना डाव आवरून घेतो."



संध्याकाळी झुलालने शेठपुढे हात जोडले, "पुनाना काही दोष नही, शेठ. विलायती मोटार शे, तिले खाले देखानी सवयच नही."