दुसऱ्या ग्लासानंतर

मागच्या खोलीतले माग थांबले आणि स्वरूपाच्या हाताखालची भाकरीही थांबली. किशन आता बाटली काढणार.

वडगावातल्या या विणकराच्या घरात पिणारे तिघं, आणि तिघांच्या तीन तऱ्हा. सासरे परशराम सत्तरीचे. जेवणाआधी औषधासारखी घोटभर घ्यायचे आणि पोरागत झोपी जायचे. मुलगा आदर्श बावीसचा. रविवारी काकतीच्या ढाब्यावर दोस्तांबरोबर बिअर, मग बडीशेप चघळत घरी. मधल्या किशनची, तिच्या नवऱ्याची, रोजची, एकट्याची, मागापाशी बसून. दुसऱ्या ग्लासाला त्याची जीभ जड व्हायची, तिसऱ्याला हात उठायचा. त्यातही शिस्त मोठी: मार पाठीवर, पदराखाली झाकेल असा. त्या धुंदीत मोबाईल कधी फुटला नाही, मागावरचा धागा तुटला नाही. वास सदऱ्याला यायचा. तोंडाजवळ जायची छाती कुणाची? सकाळी त्याला काही आठवायचं नाही. गल्ली म्हणायची, माणूस लाखात एक, दारू तेवढी वाईट.

सासऱ्यांपाशी तिनं एकदा रडून घेतलं होतं. ते मान खाली घालून म्हणाले, "मला तर झोप लागती गं पोरी. ह्यालाच कसं काय होतंय, कळत न्हाय."

आणि परवा आदर्श हसत म्हणाला होता, "आई, एक घोट पोटात गेला की भ्या पळतंय बघ." तिला बापाचं पुढचं रूप त्याच्यात दिसलं. तेव्हापासून ती एकच वाक्य घोकत होती. दारू सोडा, न्हायतर मी पोराला घेऊन कंग्राळीला माहेरी जाते.

ती ताट घेऊन मागं गेली. दुसरा ग्लास रिकामा झाला होता. किशन जड जिभेनं कायतरी पुटपुटला, भिंतीला धरत उठला आणि परसात गेला.

तो परत आला की बोलायचं होतं. पण ते वाक्य म्हणायची तिला भीती वाटली. तिला आदर्शचं बोलणं आठवलं. आयुष्यात कधी जिला शिवली नव्हती ती बाटली तिनं उचलली, डोळे मिटले आणि मोठा घोट घेतला. जाळत जाईल म्हणून श्वास रोखून धरला.

काहीच जळलं नाही. चव रोजच्या ओळखीची होती. कोरा चहा. बिनसाखरेचा, गार.

"खाली ठेव ती," दारातून किशन म्हणाला. जीभ जराही अडखळली नाही.