धरणाखालची यादी

पानशेत फुटलं, त्याच्या पुढच्या वर्षी पुण्याचा एक कारकून मुळशी धरणाखालच्या वाडीत माणसं मोजायला आला. म्हाताऱ्या साळूबाईनं त्याला उंबऱ्यातच अडवलं.

"घरात किती जण?"

"मी एकटीच हाय."

दोरीवर लहानमोठे कपडे वाळत होते. कारकुनानं ते पाहिले, पण लिहिलं काहीच नाही.

"आजी, जमीन घ्यायला नाही आलो. उद्या धरणाला काही झालंच, तर कुठल्या घरातून किती माणसं हलवायची, त्याची सरकार यादी करतंय. यादीत नाव असेल त्याला ट्रकमध्ये जागा."

"फुटणार हाय व्हय?"

"नाही. पण तयारी असावी."

"धरण बांधताना बी असंच इचारायला आलते. माझ्या बानं समदं खरं सांगितलं. आमचं गाव आता त्या पाण्याखाली हाय."

कारकुनानं पेन्सिल खिशात ठेवली नाही. दोरीवरच्या कपड्यांकडं बघत साळूबाई एकेक नाव सांगू लागली. स्वतःचं, लेकाचं, सुनेचं, मग नातवंडांची. त्यानं सगळी वाचून दाखवली. तिनं मान हलवली, तसा तो पुढच्या घराकडं निघाला.

सून लगबगीनं बाहेर आली. "आत्याबाई, तान्ह्या पारूचं नाव ऱ्हायलं की. हाक मारू का सायबाला?"

साळूबाईनं तिचा हात धरला.

"ऱ्हायलं न्हाई. घरातला एक तरी जीव सरकारच्या कागदाबाहेर असू दे."